आर्डिसचे मौन आणि बर्नेलचे मासे

जो सर्वांचा न्याय करतो, आणि तरीही त्यासाठी कुणाला पत्र धाडून शहरात बोलावत नाही, त्या परमेश्वराला प्रथम वंदन. त्याच्या दरबारात गाडी कुठे उभी करावी ही अडचण नाही, दाराशी कमरेचा पट्टा सोडून ठेवावा लागत नाही, आणि आत काय चालले आहे हे नवऱ्याने बायकोला विचारले तर कुणाचा कोप होत नाही. यातली शेवटची सोय केवढी मोठी आहे, हे मला ईस्टरआधीच्या गेल्या उपवासकाळात कळले. त्याचीच ही हकिगत.

माझे नाव ऑर्लिन ट्वेट. आमच्या गावातल्या लहानशा चर्चमध्ये स्तोत्रे मी सांगतो, प्रार्थना मी म्हणतो आणि पास्टरबाईंचे प्रवचन लांबले तर घड्याळाकडेही मीच बघतो. फेब्रुवारीतल्या एका सकाळी टपालपेटीत फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयाचा लिफाफा निघाला. चष्मा घरात राहिला होता. वरचे ‘ट्वेट’ एवढे मला वाचता आले, आणि आमच्या घरात न्यायबुद्धी कुणाकडे आहे याबद्दल मला कधीच शंका नसल्यामुळे पुढचे वाचायची गरज वाटली नाही. आत जाऊन चष्मा आणावा, की आधी शेजारच्या बर्नेलला ही बातमी द्यावी, असा प्रश्न होता. मी बर्नेलकडे गेलो. (सगळे अरिष्ट या एका निर्णयातून उद्भवले, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.)

दुपारपर्यंत मला ज्यूरीवर बोलावल्याचे पास्टरबाईंना, पेट्रोलपंपावरच्या मंडळींना आणि न्हाव्याला ठाऊक झाले. न्हाव्याला अशासाठी, की मी केस कापून घेतले. सुटाला इस्त्रीही केली. संध्याकाळी आर्डिसने, म्हणजे माझ्या पत्नीने, आपला चष्मा लावून ते पत्र पाहिले.

“ऑर्लिन, हे माझ्या नावाचं आहे.”

“नीट बघ.”

“आर्डिस ट्वेट. लग्न झाल्यापासून हेच नाव लावतेय मी.”

“मग मी केस कापले त्याचं काय?”

“वाढतील,” ती म्हणाली.

तिने प्रश्नावली भरून पाठवली. मग रोज संध्याकाळी न्यायालयाच्या क्रमांकावर फोन लावायचा आणि आपल्या गटाला उद्या बोलावले आहे का ते ऐकायचे, असा क्रम सुरू झाला. ध्वनिमुद्रित आवाजातली बाई मोठ्या शांतपणे सांगे, तुमच्या गटाची उद्या गरज नाही. आर्डिस तितक्याच शांतपणे फोन ठेवून विणकाम पुढे चालवी. बोलावणे नसूनही अस्वस्थ मीच होतो. रोज सकाळी तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ मी खरवडून ठेवी. तिचे बूट दाराशी मांडून ठेवी आणि त्यांनाच अडखळे. अखेर एका संध्याकाळी त्या बाईने आर्डिसचा गट पुकारला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी ती सरोवराच्या काठाकाठाने दुलुथला, न्यायालयाच्या शहरी, रवाना झाली.

ती परतली तेव्हा मी कॉफीचा पेला हातात धरून दारातच उभा होतो.

“निवडली?”

“निवडली. विणायच्या सुया मात्र दारावरच काढून घेतल्या.”

“आणि गुन्हा काय आहे?”

“सांगता येणार नाही. न्यायाधीशबाईंनी बजावलंय. खटला संपेपर्यंत कोणाशी म्हणजे कोणाशी बोलायचं नाही.”

“मी काय ‘कोणी’ आहे?”

“नवरा म्हणून वेगळा उल्लेख केलाय त्यांनी. तुझी त्यांची ओळख नसताना.”

“आणि चुकून बोललीस तर?”

“काढून टाकतील मला. कदाचित सगळा खटला पहिल्यापासून चालवावा लागेल.” तिने हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि ती खुर्चीत बसली. “हे बघ, ऑर्लिन. शाळेच्या मंडळावर तू बसलास. चर्चच्या समितीवर तू बसलास. त्या सगळ्यांना कॉफी मी दिली. आज पहिल्यांदा कोणीतरी मला बसवून घेतलंय, आणि शेवटी माझं मत विचारणार आहेत. ते मला द्यायचंय. तेवढं होऊ दे.”

मी मान डोलावली. ती मी मनापासून डोलावली होती. माझी मान आणि माझी जीभ यांचे आपसात कधी फारसे पटले नाही, हाच काय तो दोष.

ज्यूरीवरच्या माणसाने खटल्याची बातमीही वाचायची नसते. त्यामुळे वर्तमानपत्रातला न्यायालयाचा मजकूर कापून मग ते आर्डिसला द्यावे, असे ठरले. कोणता खटला तिचा हे मला माहीत नसल्याने मी प्रत्येक खटला कापू लागलो. पहिल्या दिवशी वर्तमानपत्राला दोन खिडक्या पडल्या. तिसऱ्या दिवशी आर्डिसने ते उघडून समोर धरले, तेव्हा पलीकडून तिचा संपूर्ण चेहरा मला दिसत होता. पाठीमागच्या पानावरचे शब्दकोडे आणि रताळ्याच्या पाककृतीचा उत्तरार्ध न्यायदानाच्या कामी आला होता. ती काही बोलली नाही.

काही न बोलणे हाच त्या दिवसांतला तिचा स्वभाव झाला होता. घरी येऊन ती खिडकीशी बसे आणि सरोवरावरच्या बर्फाकडे बघत राही. मी काही विचारले की बोट उचलून “आत्ता नको” एवढेच म्हणे. एरवी तिच्या बोलण्यातले मी कितीसे ऐकत असे, हा प्रश्न इथे कृपया कुणी काढू नये. पण आता तिच्या न बोलण्यातला एकेक शब्द मी कान देऊन ऐकू लागलो. एवढे मौन पाळायला लावणारा गुन्हा भयंकरच असला पाहिजे, असे माझ्या मनाने घेतले.

आणि गुरुवारी मला सुगावा लागला.

बर्नेल हिवाळाभर सरोवरावरच्या बर्फाला भोक पाडून मासे धरतो, परसातल्या खोपटात त्यांना धुरी देतो आणि आळीत सगळ्यांना वाटतो. त्या गुरुवारी मी त्याचा मासा पानात वाढला. आर्डिसने त्याच्याकडे पाहिले आणि ताटली हलकेच दूर सारली.

“आज नको.”

“का?”

“नको म्हटलं ना.”

त्याच सकाळी मी वर्तमानपत्रातून एक बातमी कापली होती. बेकायदा जाळी टाकून धरलेले मासे राज्याबाहेर विकल्याबद्दल काही माणसांवर फेडरल न्यायालयात खटला चालू होता. मी कपाटामागे जाऊन ते कात्रण पुन्हा वाचले. नावे ओळखीची नव्हती. पण एका माणसावर खटला झाला की त्याच्यामागे आणखी किती जण ओढले जातात, हे मी दूरदर्शनवर पाहिलेले आहे. बर्नेलचा भाऊ विस्कॉन्सिनमध्ये राहतो. दर नाताळात त्याला पेटीभर मासे जातात. विस्कॉन्सिन हे दुसरे राज्य आहे, हे कुणालाही नाकबूल करता येणार नाही.

मी प्रार्थना केली. प्रभो, मला गप्प राहण्याचे बळ दे, अशी ती प्रार्थना होती. तिचे उत्तर येईपर्यंत मी बर्नेलच्या परसात पोचलो होतो.

“बर्नेल, मला काही सांगता येणार नाही,” मी म्हणालो.

“बरं,” बर्नेल म्हणाला आणि खोपटात लाकूड सारू लागला.

“पण थोडे दिवस हा धूर बंद ठेव.”

त्याने मागे वळून पाहिले. “का रे?”

“मी काही बोललेलो नाही. आर्डिसही काही बोललेली नाही. तिने ताटली सारली, एवढंच.”

“कुठली ताटली?”

“माशाची. तुझ्या.”

बर्नेल उलट्या बादलीवर बसला. “विस्कॉन्सिनचं कळलंय त्यांना?”

“मी काही बोललेलो नाही,” मी पुन्हा म्हणालो, आणि जड मनाने घरी आलो. एका वाक्यात दोघांचे हित साधल्याचे समाधानही थोडे होते.

बर्नेलने फ्रीझरमधले आणि खोपटातले सगळे मासे घसरगाडीवर घातले आणि सरोवराच्या मध्यावर नेऊन बर्फावर ओतले. पुरावा नष्ट करण्याची ही पद्धत कुणी कुणाला सुचवू नये. दुसऱ्या दिवशी दहा मैलांतले कावळे तिथे हजर झाले. मग गरुड आले. आणि एवढे गरुड एका जागी का जमले, हे बघायला वनखात्याचा अधिकारी आला. त्याने बर्नेलचे दार ठोठावून विचारले, “तुमच्या घसरगाडीच्या खुणा तिथवर गेल्यात. काही कल्पना आहे का?” बर्नेलने सांगितले, की आपल्याला वकिलाशी बोलायचे आहे. अधिकारी बिचारा पक्षी मोजून निघून गेला. पण सरकार दाराशी येऊन गेले, या धास्तीने बर्नेलचे अन्न सुटले.

उपवासकाळात दर बुधवारी आमच्या चर्चच्या तळघरात सूप असते. त्या बुधवारी आर्डिस वाटी घेऊन रांगेत उभी होती. बर्नेल टोपी हातात घेऊन तिच्यापुढे आला.

“आर्डिस, मला एकच सांग. भावाला पाठवलेले मासे धरतात का गुन्ह्यात?”

“काय?”

“मी विकले नाहीत गं. एकदा फक्त त्याने टपालखर्च दिला होता. तू ज्यूरीवर आहेस, तू ओळखतेस मला. किती वर्षं बसवतील आत?”

सूप वाढणाऱ्या बायकांच्या पळ्या जागच्या जागी थांबल्या. आर्डिसने वाटी खाली ठेवली.

“तुला हे कोणी सांगितलं, बर्नेल?”

बर्नेल भला माणूस आहे. त्याने माझे नाव घेतले नाही. त्याने फक्त माझ्याकडे पाहिले. तळघरातल्या इतरांनीही तेच केले.

घरी जाताना गाडी आर्डिसने चालवली.

“उद्या मला हे न्यायाधीशबाईंना सांगावं लागणार,” ती म्हणाली. “खटल्यावरून कोणी काही बोललं तर सांगायचं, असा नियम आहे.”

“बर्नेलवर काही—”

“बर्नेलचं नाही रे. माझं. उद्या बसू देतील की नाही, ठाऊक नाही.”

तिच्या आवाजात राग असता तर मी बायबलातले एखादे वचन सांगून वेळ निभावली असती. राग नव्हता. तिने फक्त दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरले होते.

दुसरा दिवस मी कसा काढला, ते परमेश्वराला ठाऊक आणि शेजाऱ्यांना. स्तोत्र म्हणायला बसलो, तर दुसऱ्या कडव्यावर तिसऱ्याचे शब्द येऊ लागले. उठून अंगणातला बर्फ ओढला. तो संपल्यावर बर्नेलचा ओढला, त्याच्या पलीकडच्यांचा ओढला. पलीकडचे हिवाळ्यापुरते फ्लोरिडात गेलेले आहेत, हे ओढून झाल्यावर आठवले. प्रायश्चित्त म्हणून बटाट्याची हॉटडिश, म्हणजे थर लावून भाजायचा आमच्याकडचा पदार्थ, भट्टीत ठेवली आणि गुडघे टेकून प्रार्थना करू लागलो. देवा, तिची खुर्ची तिच्याकडे राहू दे, माझ्या जिभेचे काय करायचे ते कर. त्या दिवसांतली ही एकच प्रार्थना, जिच्यात मी मधे बोललो नाही. ती इतकी एकाग्र झाली, की छतावरची धुराची घंटा वाजू लागली तेव्हा ती मला पहिल्याने स्वर्गीय वाटली.

आर्डिस आली. स्वयंपाकघर धुराने भरले होते. तिने खिडकी उघडली.

“काय झालं?” मी विचारले.

“सांगता येणार नाही,” ती म्हणाली.

रात्रभर मी या वाक्याचे दोन्ही बाजूंनी अर्थ लावले. सकाळी ती उठली, सँडविच बांधले, बूट घातले आणि दुलुथच्या रस्त्याला लागली. तेव्हा कुठे मला कळले, की खुर्ची राहिली आहे. मी दारातच उभ्याउभ्या आभाराचे स्तोत्र म्हटले. या वेळी सगळी कडवी क्रमाने आली.

पुढच्या आठवड्यात निकाल लागला. त्या संध्याकाळी आर्डिसने कोट काढला, टेबलाशी बसून स्वतःच कॉफी ओतून घेतली आणि म्हणाली, “आता बोलायला मोकळी आहे मी. विचार.”

“मासे?”

“कसले मासे? टपालाने खोटी श्रवणयंत्रं विकणारा माणूस होता. चार राज्यांतल्या म्हाताऱ्यांना फसवलं होतं त्याने. दोषी ठरला. सगळे साक्षीदार बहिरे. वकील ओरडणार, साक्षीदार ‘काय?’ म्हणणार, न्यायाधीशबाई त्याहून मोठ्याने ओरडणार. दिवसभर हेच. घरी आल्यावर मला जरा शांतता हवी असायची, ऑर्लिन. आणखी काही नाही.”

“मग त्या दिवशी मासा का सारलास?”

“मला तो मासा आवडतच नाही. बर्नेलला वाईट वाटेल म्हणून इतकी वर्षं खात आले. त्या दिवशी अंगात त्राण नव्हतं.”

मग मी भीत भीत विचारले, “आणि त्या दिवशी न्यायाधीशबाईंनी काय विचारलं?”

“आत बोलावलं. दोन्ही बाजूंचे वकील होते, टंकलेखनिक होती. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बाई, तुमचा नवरा घरी जे बोलतो त्याचा तुमच्या मतावर परिणाम होतो का? मी म्हटलं, महोदया, तो मोठ्याने प्रार्थना करतो, मोठ्याने पेपर वाचतो, हवेवर, रस्त्यांवर आणि माझ्या गाडी चालवण्यावर मत देतो. मी सगळं ऐकून घेते. लग्न झाल्यापासून एकदाही त्यामुळे मी करणार होते ते बदललेलं नाही.”

“असं म्हणालीस?”

“शपथेवर होते मी. त्यांनी दोन्ही वकिलांना विचारलं, काही हरकत? आठवडाभर त्या दोघांचं कशावर म्हणून एकमत झालं नव्हतं. यावर झालं. मग न्यायाधीशबाईंनी टंकलेखनिकेला सांगितलं, नोंद घ्या, पतीच्या बोलण्याचा या बाईंवर कोणताही परिणाम होत नाही, असं न्यायालयाला आढळून आलं आहे.”

“म्हणजे हे सरकारी दप्तरात गेलं?”

“कायमचं.”

“याच्यावर अपील?”

“दोन्ही पक्षांना मान्य आहे, ऑर्लिन,” आर्डिस म्हणाली आणि सुया काढून विणायला लागली.

श्रोतेहो, तुम्ही इथवर माझे बोलणे ऐकलेत. अशी माणसे किती दुर्मीळ, हे संयुक्त संस्थानांच्या न्यायालयाने प्रमाणित केलेले आहे. म्हणून तुमच्यासाठी मागतो ते मनापासून मागतो. तुमच्या घरात चूल पेटती राहो आणि धुराची घंटा मुकी राहो. तुमच्या शेजाऱ्याला निर्भय झोप लागो. ज्याला मत द्यायचे आहे त्याला बसायला खुर्ची मिळो, आणि जो फार बोलतो त्याचे ऐकून घेणारे कुणी त्याच्या समोर बसलेले असो. ऐकणाऱ्या प्रत्येकाचे, आणि प्रत्येक घराचे, कल्याण होवो. आर्डिस, आता ‘आमेन’ म्हण.

आर्डिस?