सिद्रामअण्णा आणि तीन हजार किलोमीटर

सिद्रामअण्णा माझ्या घरी आले की आधी माझी नाही, माझ्या मोटरसायकलची तब्येत बघतात. इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून काढतात, टोकाचं तेल अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरतात आणि डोळे मिटतात. बायका पाकाची तार बघतात ना, अगदी तसं. मग निकाल लागतो.

"मास्तर, क्लच अर्धा दाबून गाडी चालवताय की तुमी."

मी नाही म्हणालो की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं. "माणूस खोटं बोलतंय, तेल न्हाय."

अण्णा मूळचे अक्कलकोटकडचे. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात माग दुरुस्त करण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर हात गप्प बसेनात, म्हणून आमच्या गल्लीतल्या सगळ्या दुचाक्या त्यांनी दत्तक घेतल्या. मालकांना विचारलं नाही, ते सोडा.

त्यांच्याबरोबर तेल आणायला जाणं म्हणजे मुलगी बघायला जाणं. डबा उलटासुलटा करून मागची बारीक अक्षरं वाचणार. दुकानदार म्हणाला, "भारीतलं देऊ का?" की अण्णा भडकणार. "भारीतलं नको. गाडीच्या पुस्तकात लिवलंय ते दे." मग ऑइल फिल्टर. त्याच्या कागदाच्या घड्या उजेडात धरून बघणार, रबर दाबून बघणार. दुकानदार आत जाऊन जेवून येतो, तोवर यांचा दुसरा फिल्टर चाललेला असतो.

एकदा मी शहाणपणा केला. मेहुण्याच्या कारचं उरलेलं उंची तेल मोटरसायकलमध्ये ओतलं. दुसऱ्या दिवशी पुलाच्या चढाला इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी जागची हलायला तयार नाही. ढकलत अण्णांकडे नेली.

"यप्पा! कारचं तेल घातलं व्हय? आवो, कारचा क्लच कोरडा असतोय. हिचा क्लच तेलातच बसलेला. ह्या निसरड्या तेलात त्यो धरणार कसा? पैलवानाच्या हाताला लोणी लावून कुस्ती लावलासा की!"

पुढचे आठ दिवस मी गल्लीतून खाली मान घालून जात होतो.

पण अण्णांचा सगळ्यात कडक नियम म्हणजे तीन हजार किलोमीटर. तेल आणि फिल्टर तीन हजारालाच बदलायचे. त्याच्या पुढे एक किलोमीटर गेलेलं चालत नाही, आणि अलीकडेही नाही. मी एकदा अडीच हजाराला डबा घेऊन गेलो, तर त्यांनी मला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "चांगलं तेल आदीच ओतून टाकायचं म्हंजे ताटात अन्न टाकल्यावानी हाय. जावा घरी." या नियमापुढे त्यांनी सख्ख्या भावाचंही ऐकलं नव्हतं.

अण्णांना एकच मुलगी, गिरिजा. तिची आई गेल्यापासून घरात ही दोघंच. अण्णांनी तिला स्वयंपाक शिकवला की नाही ठाऊक नाही, पण इंजिन खोलायला शिकवलं. गेल्या जूनमध्ये तिला नातेपुत्यातल्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. राहायचंही तिकडेच. सामान आधी गेलं आणि ती एका सकाळी मोटरसायकलवरून निघणार होती.

तिच्या गाडीचे तीन हजार नेमके भरले होते, म्हणून त्या दिवशी अण्णांनी पहाटेच अंगणात वर्तमानपत्र अंथरलं. जुनं तेल काढलं, फिल्टर उघडला. मी निरोप द्यायला म्हणून उभा होतो. एरवी तेलावर तासभर प्रवचन देणारे अण्णा एकच नट पुन्हा पुन्हा पुसत होते. मधेच डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. बाहेर आले तेव्हा गाडी तयार होती. ती पाया पडली, त्यांनी फक्त "सावकाश" म्हटलं आणि ती गेली.

पाव तासाने अण्णा माझ्या दारात. चेहरा पांढराफटक. हातात बोटाच्या पेराएवढी एक स्प्रिंग.

"मास्तर, ही पेपराखाली घावली. फिल्टरामागची हाय. हिच्याबिगर फिल्टर दाबून बसत न्हाय, तेल भलतीकडंच जातंय. चालत्या गाडीत इंजिन जाम झालं तर..."

फोन लावला. वाजत राहिला. उचलणार कशी? गाडीवर असताना फोन उचलायचा नाही, हे तिला शिकवणारे हेच.

मी गाडी काढली, अण्णा मागे बसले. चाळिसाच्या वर काटा गेला की माझ्या पाठीत बुक्की मारणारे अण्णा त्या दिवशी ओरडत होते, "दाबा की वो, दाबा!" रस्त्याकडेला कुठे चार माणसं जमलेली दिसली की त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतायची. मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू.

मोहोळच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी ती दिसली. गाडी सरळ उभी धरून, वाकून तेलाची पट्टी बघत होती. नवीन तेल घातलं की तीसेक किलोमीटरवर थांबून पातळी बघायची, हाही यांचाच नियम. माझा जीव भांड्यात पडला. अण्णा उतरले आणि त्यांनी स्प्रिंग पुढे केली.

गिरिजा हसायला लागली. "अण्णा, ही जुनी. ढिली झालती म्हणून मी नवी आणून ठेवलीवती. तुमी आत गेलता तवा मीच बसवली, फिल्टरबी मीच बसवला."

अण्णा मटकन टपरीच्या बाकड्यावर बसले. चहा आला, त्यातला निम्मा बशीत आणि निम्मा धोतरावर. दुसरा कप प्यायले तेव्हा कुठे चेहऱ्यावर रंग आला. इतकं हायसं वाटलेला माणूस मी पूर्वी पाहिला नव्हता. मग उठले आणि ती पट्टी पुन्हा काढून, चिमटीत तेल धरून त्यांनी डोळे मिटले. या वेळी ते बराच वेळ मिटलेलेच राहिले.

"बरं हाय," ते म्हणाले. "पुढचं तेल पंधराशेला बदलायचं. घरीच आणायची गाडी. तिकडं कुणाच्या हातात देऊ नगं."

"पंधराशेला?" गिरिजा म्हणाली. "आजवर तीन हजार म्हणत आलासा की."

"तिकडं धूळ लई हाय," अण्णा म्हणाले. तिच्याकडे न बघता.

सोलापूरच्या माणसाने दुसऱ्या गावाच्या धुळीला नावं ठेवावीत, हे जरा जास्तच होतं. मी तोंड उघडणार होतो. पण गिरिजाने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी चहाचा कप तोंडाला लावला.

"धूळ हाय खरी लई," ती हेल्मेट घालत म्हणाली. "हजारालाच येते की मी."