इमारतीची कंबर

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीची कंबर दर महिन्याला दुखे आणि ते दुखणं सगळ्या विभागांत चौरस फुटांप्रमाणे वाटलं जाई. इमारतीला स्वतःचं दुखणं सोसता येत नाही, कोणाला तरी सोसावंच लागतं, याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

कुठला खर्च कोणाच्या माथी टाकायचा हे शिकवणाऱ्या, परिव्यय लेखाशास्त्राच्या प्राध्यापिका मृणालिनी बोंद्रे यांच्या वाट्याला मात्र त्यातलं निम्मं येई. विभागात त्या एकट्याच. पण आधीच्या प्रमुखांनी भांडभांड भांडून तळमजल्याचं रिकामं गोदाम विभागाच्या नावावर करून घेतलं होतं. जागा मिळाली म्हणून पेढेही वाटले होते. निवृत्त झाल्यावर ते ताठ चालू लागले आणि बाई वाकल्या.

कुलसचिव धायगुडे यांची कचेरी एवढीशी. त्यांना महिन्यातून एखादी चमक भरे, तीही जांभई देताना. कमी दुखण्यात जास्त काम, म्हणून कार्यक्षमतेचा करंडक दरवर्षी त्यांनाच.

श्रावणात लेकीची पहिली मंगळागौर होती. "आई, तू आपली खुर्चीत बसून राहा गं," गार्गी म्हणाली. बाईंना ते फार लागलं. एके काळी फुगडीत त्यांच्यापुढे आळीतली एकही टिकत नसे. त्या हट्टाला पेटल्या आणि दुखणं मुळात येतं कुठून, यावर त्यांनी शोधनिबंध लिहिला.

विद्यापरिषदेत तो त्यांनी उभ्यानेच वाचला, कारण बसवत नव्हतं. "वरच्या मजल्यावर, कोणाच्याच नावावर नसलेल्या व्हरांड्यात कुलसचिवांच्या कचेरीने जुन्या उत्तरपत्रिका छतापर्यंत रचल्यात. ज्याचा भार, त्याचं दुखणं. आत्ताची पद्धत म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

"अभ्यास किती इमारतींचा केलात?" धायगुडेंनी विचारलं.

"एकीचाच. दुखतंय तिचंच."

तसा ठराव मंजूर झाला. एक तारखेला धायगुडे खुर्चीतून उठले ते अर्धेच. "अहो, रद्दीवाल्याला बोलवा!" ते फरशीकडे बघत ओरडले. वर्षानुवर्षं जी विकणं नियमात बसत नव्हतं, ती रद्दी दुपारपर्यंत टेम्पोत बसली. संध्याकाळी इमारत सरळ झाली. त्यामुळे दारात एक पायरी कमी पडू लागली, ती बांधकाम विभागाने लगेच बसवून दिली.

मंगळवारी बाईंनी पदर खोचला.

"आई, तुझी कंबर!" गार्गी ओरडली.

"ती माझी नव्हतीच गं," बाई म्हणाल्या आणि लेकीचे दोन्ही हात धरून अशा गरगरल्या की दमून आधी लेकच खुर्चीत बसली.