नानांच्या स्वयंपाकघरातले अशील

नाना आठल्यांनी मला पहिल्याच भेटीत एक गुपित सांगितलं. उरणच्या शाळेत मी नुकताच मास्तर म्हणून रुजू झालो होतो आणि त्यांच्या घराचा अर्धा भाग भाड्याने घेत होतो. नानांनी आधी ओटीवर येऊन रस्ता दोन्ही बाजूंनी न्याहाळला, मग माझा दंड धरून मला दाराआड नेलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाले, "विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं. मी बोललो नाही असं समजा."

विहिरीचं पाणी मचूळ लागतं हे उरणातल्या गुराढोरांनाही ठाऊक होतं. पण नानांचा इलाज नव्हता. कुजबुजल्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे. एकादशी कधी आहे, मुंबईची लाँच किती उशिरा आली, बायकोला सर्दी झाली आहे, सगळं ते त्याच आवाजात सांगत आणि शेवटी 'मी बोललो नाही असं समजा' हे शेपूट जोडत. बाजारात भाजी घेतानासुद्धा ते दुधीकडे नुसतं बोट दाखवत. आठल्यांच्या घरी आज काय शिजतंय हे जगाला कळायचं काय कारण?

हा धंद्याचा गुण होता. नाना इन्कमटॅक्सची कामं करत. तेव्हा नवी मुंबई हा शब्दही जन्माला आला नव्हता. उरण म्हणजे मिठागरं, भाताच्या गिरण्या आणि मोऱ्याच्या बंदरातून मुंबईला जाणारी लाँच. द्रोणागिरीच्या आसपास आता जिथे कंटेनर एकावर एक रचलेले दिसतात, तिथे तेव्हा मिठाच्या राशी असत. या मिठागरवाल्यांना आणि गिरणीवाल्यांना सरकारची नोटीस आली की ते धोतराच्या कनवटीला तिची घडी खोचून नानांकडे धाव घेत. माणूस बायकोला सांगत नाही ते आपल्याला सांगतो, असं नाना म्हणत, आणि ते फुटलं तर आपण जगायला लायक नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटे. त्या बाबतीत त्यांची चेष्टा केलेली त्यांना खपत नसे. म्हणून मी ती त्यांच्या पाठीमागे करत असे.

पोस्टकार्ड त्यांनी आयुष्यात वापरलं नाही. पोस्टकार्ड टाकण्यापेक्षा चावडीवर दवंडी पिटावी, ती निदान एकाच गावात ऐकू जाते, हे त्यांचं मत. त्यांचं पत्र पाकिटात, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात आणि वर लाखेची मोहोर. आत मजकूर असे, 'सोमवारी या.' पण गावात लाखेचं पाकीट दुसरं कुणी पाठवत नसल्यामुळे पोस्टमन ते दुरूनच उंच धरून ओरडे, "शेठ, नोटीस आली वाटतं, नानांचं पाकीट हाय." मग सगळी आळी समाचाराला जमे.

पोस्टावरून विश्वास उडाल्यावर नानांनी पंच्यांची पद्धत काढली. प्रत्येक अशिलाचा एक रंग ठरवला. ज्याला बोलवायचं त्याच्या रंगाचा पंचा गॅलरीच्या कठड्यावर वाळत घालायचा. अशिलाने रस्त्यावरून जाता जाता तो पाहायचा आणि संध्याकाळी मागच्या दाराने यायचं. ही युक्ती आठवडाभरच गुपित राहिली. समोरच्या न्हाव्याने पहिल्या आठवड्यातच सगळे रंग जुळवून टाकले, आणि पुढे गिऱ्हाइकांची दाढी करता करता तो लोकांना परस्पर निरोप देऊ लागला की तुमचा तांबडा लागलाय, लवकर जा. भातगिरणीचे शेठ तर न्हाव्यालाच पाच पैसे देऊन निरोप गिरणीवर मागवत. त्यांना इतक्या लांब चालत येऊन पंचा बघायचा कंटाळा होता.

अशील घरी आल्यावर मात्र नानांची खरी कसोटी असे. एका अशिलाने दुसऱ्याचं तोंड पाहता कामा नये, हा त्यांचा कडक नियम. दार वाजलं की आत बसलेल्याला लपवायचं. पहिला स्वयंपाकघरात, दुसरा न्हाणीघरात आणि तिसरा आलाच तर विहिरीवर, हातात रहाटाचा दोर देऊन. न्हाणीघरात बसलेले लोक डासांना कंटाळून निघून जात. विहिरीवरचे बिचारे पाणी उपसत राहत आणि त्या दिवशी आमची पिंपं फुकट भरत.

स्वयंपाकघरात माई असत. नानांच्या पत्नी. त्या कुजबुजत नसत. घरात आलेल्या माणसाने रिकाम्या हातांनी बसू नये असा त्यांचा शिरस्ता होता, आणि त्यांच्याकडे दिवसाआड वालाचं बिरडं होई. मोड आलेले वाल एकेक करून सोलायचे म्हणजे किती वेळखाऊ काम असतं हे ज्याने सोललेत त्यालाच माहीत. कडक टोपी घातलेले सावकार, मिठागरांचे मालक, मांडी घालून माईंसमोर वाल सोलताना मी डोळ्यांनी पाहिलेत. सरकारपुढे एकेका आण्यासाठी भांडणारी ही माणसं माईंपुढे हूं की चूं करत नसत. सोलताना एखादी डाळिंबी मोडली तर माई ती त्यांच्यासमोर वेगळी काढून ठेवत.

नानांची कुजबुज साहेबापुढेही सुटली नाही. एकदा मुंबईच्या ऑफिसात अधिकाऱ्याने त्यांना तीनदा मोठ्याने बोलायला सांगितलं. नानांनी दाराकडे नजर टाकली आणि शिपाई उभा आहे असं खुणेने दाखवलं. साहेबांनी शिपायाला बाहेर घालवलं. मग नानांनी खिडकी दाखवली. साहेबांनी उठून खिडकी लावून घेतली. मे महिना, पंखा बंद, आणि नाना अजून घसा साफ करत होते. साहेबांनी कागदावर सही करून टाकली आणि पुन्हा येऊ नका म्हणाले. नानांच्या मते हा त्यांच्या युक्तिवादाचा विजय होता.

आता एवढ्या बंदोबस्तात राहून गेलेली एक फट सांगतो. आमच्या दोन बिऱ्हाडांच्या मधे भिंत नव्हती, फळ्या मारलेल्या होत्या. नाना कुजबुजत हे खरं, पण त्यांचे अशील मिठागरांवरचे. वाऱ्यावादळात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाका मारायची त्यांना सवय. नानांचा प्रश्न आम्हाला ऐकू येत नसे, उत्तर मात्र शब्दन् शब्द येई. आमच्या बायकोला उत्तरावरून प्रश्न ओळखायचा इतका सराव झाला की शाळेतल्या मुलांचे पेपर मी तिला खुशाल तपासायला दिले असते.

याच फळीतून आम्हाला हिराजीचं प्रकरण कळलं.

हिराजी, बाळाराम आणि जोमा हे खाडीकडच्या गावातले तीन भाऊ. वडिलांच्या मागे मिठागर एकत्र, घर एकत्र, कर एकत्र. एके वर्षी पावसाळा सरता सरता थोरला हिराजी नानांकडे आला. वेगळं व्हायचं तर सरकारात काय कागद करावा लागतो, हे त्याला विचारायचं होतं. नानांनी बहुधा कारण विचारलं असावं, कारण हिराजीचा आवाज फळीतून गदगदून आला. "माझे मनान नाय हो, नाना. पन त्या दोघांचे मनान हाय असं गावान आयकलं. मग मीच आदी बोल्लेला बरा. बारक्यांनी मना घराभायेर काडलं असं नको व्हायला."

आठवड्याने मधला बाळाराम आला. त्याच्याही मनात नव्हतं, पण भावांच्या मनात आहे असं त्याने ऐकलं होतं. पुढच्या आठवड्यात धाकटा जोमा आला. तो तर रडलाच. तिघांनी नानांना तेच सांगितलं, तिघांनी वाटणीचा कागद करायला सांगितला, आणि तिघांनी नानांकडून वचन घेतलं की यातलं अक्षर भावांच्या कानावर जाता कामा नये. मिठाचा हंगाम सुरू व्हायच्या आत सह्या करायच्या असं ठरलं. सह्या झाल्या की कागद साहेबापुढे जाणार आणि घरात तीन चुली पेटणार, त्याही कुणाला नको असताना.

आमच्या बायकोला अन्न गोड लागेना. तिने मला नानांकडे पिटाळलं. मी फळीची गोष्ट कशीबशी आडवळणाने कबूल केली आणि म्हटलं, "नाना, कुणाचं नाव घेऊ नका. नुसतं म्हणा, घरी एकदा एकत्र बसून बोला. एवढ्यानं काम होईल."

नानांचा चेहरा उतरला. फळ्यांमुळे असेल असं मला आधी वाटलं. ते बराच वेळ टेबलावरची लाख चिमटीत फिरवत बसले. मग म्हणाले, "एकत्र बसा म्हटलं की हिराजी विचारणार, दुसऱ्यांनी तुम्हाला काय सांगितलं? मी गप्प बसलो तरी त्याला उत्तर मिळालं. तिघांनी वचन घेतलंय, मास्तर. आज मी हे मोडलं तर उद्या माझ्यापुढे कोण तोंड उघडेल?"

मी भावांना जाऊन सांगावं तर नानांचं घर गळतं हे जगजाहीर झालं असतं, आणि त्यांची पोटापाण्याची सोय गेली असती. मी परत आलो. बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही आणि मला त्याचा राग आला नाही.

या भावांना निरोप द्यायला पंचा चालत नसे. त्यांचं गाव लांब. तिथली म्हातारी सोनाबाय आमच्या आळीत मासळी घेऊन येई आणि जाताना पाटीतल्या बोंबलांखाली नानांचं पाकीट घालून नेई. उरणात नानांचं एवढं एकच गुपित टिकत होतं, ते लाखेमुळे नव्हे, सोनाबायमुळे. ती बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एका बुधवारी ती आमच्या ओटीवर टेकली आणि बायकोला म्हणाली, "आज नानाला काय जालंय गं? पाकिटा तीन दिली, तिनी भावांची. आनि बोलतंय, उद्या सकाली आले पायजेत, तिगंही."

गुरुवारी मी शाळेत जरा उशिरा येईन असा निरोप धाडला.

सकाळी हिराजी आला. तो बसतो न बसतो तोच पुढचं दार वाजलं. नानांनी नेमाप्रमाणे त्याला स्वयंपाकघरात पिटाळलं. बाळाराम आत आला. पुन्हा दार वाजलं. आता न्हाणीघर मोकळं होतं, विहीर मोकळी होती. नानांनी बाळारामलाही स्वयंपाकघरात पाठवलं. मागोमाग जोमालाही. आणि स्वतः ओटीवर जाऊन, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

आम्ही फळीला कान लावला. बायकोने माझं मनगट असं आवळलं होतं की बांगडीचा वळ उठला. मग माईंचा आवाज आला, "आलात? बसा. आज वाल पुष्कळ भिजवलेत." दोन माणसांच्या घरात परातभर वाल कशाला भिजवलेत, हे आम्हाला तेव्हा कळलं.

बराच वेळ नुसते वाल सोलले जात होते. मग हिराजीने विचारलं, "तू कशाला आलास?" बाळारामाने उलट त्यालाच तो प्रश्न केला. जोमाला मात्र राहवलं नाही. "दादा, मना नाय जायाचं येगलं," तो म्हणाला. "तुमालाच पायजे, म्हनून मी आलो."

"मना पायजे, असं कोन बोल्ला?" हिराजी ओरडला. एरवी हा आवाज एका मिठागरावरून दुसऱ्यावर गेला असता. त्या दिवशी तो मधेच फुटला.

पुढचं सगळं एकदमच बोललं गेलं, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही. रडणं, शिव्या, आणि मग हसणं. परात पूर्ण होईपर्यंत माईंनी कुणाला उठू दिलं नाही. नंतर तिघे भाऊ पुढच्या दाराने, भर बाजारातून, एकमेकांच्या गळ्यात हात घालून गेले. दिसेल त्याला सांगत गेले की नानांचा गोंधळ झाला, तिघांना एकाच दिवशी बोलावलं आणि एकाच खोलीत कोंबलं.

गावाला हसायला विषय मिळाला. न्हाव्याची दुकानदारी महिनाभर त्यावर चालली. पण भातगिरणीच्या शेठना हसू आलं नाही. आज या तिघांना एकत्र बसवलं, उद्या मला माझ्या भागीदारासमोर बसवतील, असं म्हणून त्यांनी आपलं काम पनवेलच्या एका वकिलाकडे नेलं. त्यांच्या पाठोपाठ आणखी काही गेले. नाना सगळ्यांना एकच सांगत, वय झालं, वारांचा घोळ झाला.

मी एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. माई देवळात गेल्या होत्या. मी सरळच म्हटलं की तुमचे वार कधी चुकत नाहीत, नाना.

त्यांनी नाकारलं नाही. खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि साध्या, मोकळ्या आवाजात त्यांच्या थोरल्या भावाबद्दल सांगू लागले. नागावला त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती. दोघे भाऊ तिथेच वाढले. तरुणपणी वाटणीची वेळ आली तेव्हा दोघेही गावच्या एकाच वकिलाकडे जात, एकमेकांना न कळवता. वाडीच्या मधोमध दगडांचा गडगा घातला गेला. नाना तिथून उठून उरणला आले, ते पुन्हा दादाशी बोलले नाहीत. दादा गेल्याची तार आली तेव्हा दहाव्याला गेले. तिथे वहिनींनी सांगितलं की त्यांच्या मनात वाटणी कधीच नव्हती, तुमच्या मनात आहे असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

"आणि तुमच्या?" मी विचारलं.

नानांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"दोघांनीही हे वकिलाला सांगितलं होतं," ते म्हणाले. "पण माणूस फार सचोटीचा, मास्तर. त्यानं शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही."