अक्का, येऊ का?

परतूरला आमच्या शेजारी दत्तूकाका राहायचे. एकटेच. पण बाहेरून आले की कुलूप काढायचे, दार लोटायचे आणि रिकाम्या घराला विचारायचे, "अक्का, येऊ का?" मग जरा थांबून चपला काढायचे. आम्ही पोरं कुंपणाआडून ओरडायचो, "या, या!" काका चिडत नसत, उलट अंगणातले पेरू द्यायचे. तसे पेरू पुन्हा खाल्ले नाहीत. अक्का म्हणजे त्यांची वारलेली आई, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

थकल्यावर काका जालन्याला चुलत पुतण्याकडे राहायला निघाले आणि ते घर मी घ्यायचं ठरलं. काकांना व्यवहाराचं काहीही विचारा, उत्तर एकच, "बिलकुल बराबर!" मी भाड्याचं घर सोडलं, सामान बांधलं. आणि नोंदणी तोंडावर आली असताना वकील म्हणाले, "घरावर यांच्या बहिणीचंही नाव आहे. तिच्या सहीशिवाय व्यवहार होणार नाही."

मी काकांकडे वळलो. "काका, आधी सांगायचं ना!"

"सांगितलं न्हाई? अरे, जल्मभर दारात उभं राहून विचारून राह्यलो. निम्मं घर अक्काचं हाय. तुम्हीच हसले!"

तसाच अक्कांच्या गावी, वाटूरला गेलो. काकांची थोरली बहीण शांताक्का ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"सही? मी तं कधीची द्यायला बसले. ह्योच घेत न्हाई. कधी म्हणं अमावास्या हाय, कधी म्हणं पेन चालंना. एकदा तं मला जेवाय वाढलं अन् सोता गायब!"

नोंदणीच्या दिवशी अक्कांनी ठसठशीत सही केली. काका खिडकीकडे तोंड करून उभे होते. मी जवळ गेलो.

"आधीच सही घेतली असती," ते हळूच म्हणाले, "तं ती पाव्हणी झाली असती. माहेरी हक्कानं आली असती का?"

मग माझ्याकडे वळले.

"आता पंचमीला तिला आणाय माहेरचा मुराळी कोण जाणार?"

"मी जाईन, काका."

"झोका बांधशील?"

"बांधीन."

काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"मंग वाटूरहून तसाच पुढं जालन्याला ये. मलाबी न्यायला."