सावित्रीच्या साडीतली गस्त

दिवेलागणीनंतर बायकांनी घराबाहेर पडायचे नाही, असा ठराव आळीतल्या पुरुषांनी चहा पिता पिता केला आणि तो सावित्रीला कळवण्याचे काम तिच्या नवऱ्यावर, गुरुदासवर, येऊन पडले. गुरुदास एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेला. गाडी रद्द झाल्याची बातमी तासभर ताटकळलेल्या प्रवाशांना सांगण्यात त्याची सारी नोकरी सरली होती, त्यामुळे वाईट बातमी सांगावी तर ती त्यानेच, असा सगळ्यांचा समज होता. फक्त सावित्री प्रवासी नव्हती, एवढे कोणी लक्षात घेतले नाही.

ठरावाला कारण होते. कणकवलीच्या बाजारामागच्या त्या आळीत पंधरवड्यात दोन बायकांची मंगळसूत्रे मोटारसायकलवरून आलेल्या पोरांनी ओढून नेली होती. पोलीस येऊन चौकशी करून गेले होते. कॅमेरा बसवायचे एकमताने ठरले होते. तो कोणाच्या घराकडे तोंड करून बसवायचा, यावर मात्र चर्चा चालू होती.

पण संध्याकाळ हीच सावित्रीची वेळ. महिला दिनाला जिल्ह्याची फुगडी स्पर्धा होती. गेल्या वर्षी मसुऱ्याच्या बायकांनी पहिला नंबर नेला होता, आणि जाता जाता त्यांच्यातली एक सावित्रीला हसून म्हणाली होती, "बरा नाचलात हां." ते वाक्य सावित्रीने वर्षभर बरणीत घालून मुरवले होते. यंदा फेलिसिदाद टीचरच्या मोठ्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी सराव चालायचा. दिवसा कोणी दुकानात, कोणी अंगणवाडीत, कोणी काजूच्या कारखान्यात. सगळ्या जमायच्या त्या दिवे लागल्यावरच.

"म्हणजे फुगडी बंद?" सावित्रीने विचारले.

"बंद खंय? तात्पुरती रद्द," गुरुदास म्हणाला.

"मगे माझा ऐका. चोर मोकळे आणि आमी कोंडलेले, असा चलाचा नाय. एकतर रस्तो सुरक्षित करा, नायतर मी सराव दुपारचो ठेवतंय. दुपारचा जेवण तुमी करायचा. बांगडे साफ करण्यापासून."

गुरुदासने रस्ता निवडला.

दुसऱ्याच दिवशी गस्त सुरू झाली. गुरुदासच्या हातात काठी आणि फेलिसिदाद टीचरचा भाऊ बाबुश याच्या हातात भोंगा. बाबुशची बेकरी होती आणि भोंगा पावाच्या सायकलचा होता. त्याने तो संशयावरून वाजवला की घराघरांतून लोक पिशव्या घेऊन बाहेर येत आणि पाव नाही म्हटल्यावर रागावून आत जात. काठी चोरांना लांबून दिसत होती. ते सरळ शेजारच्या आळीत जात असावेत, कारण त्या आठवड्यात तिथली एक साखळी गेली. शेजारच्या आळीने याबद्दल बरेच काही ऐकवले.

मार्ग सुचवला तो सिद्धेशने. सिद्धेश दिवसा मेडिकलच्या दुकानात गोळ्या मोजून द्यायचा आणि जत्रांच्या हंगामात रात्री दशावतारात राण्या करायचा. तो विलाप करू लागला की मागे बसलेल्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडूनच डोळ्यांचे औषध नेत.

"चोर काय बघता, काका? काठी की मंगळसूत्र?" त्याने विचारले. "मंगळसूत्र. मगे काठी टाका आणि मंगळसूत्र घाला."

म्हणजे लुगडी नेसून फिरायचे, गळ्यात बाजारातली खोटी साखळी घालायची, आणि गाडी जवळ येऊन हात पुढे आला की तिघांनी मिळून तो हात धरायचा. बातमी फुटली तर चोर सावध होतील, म्हणून घरी बायकोलाही सांगायचे नाही, अशी शपथ झाली. बाबुशने छातीवर क्रूस काढला आणि गुरुदासने भराडी देवीचे नाव घेतले. सिद्धेश म्हणाला, माझे लग्नच झालेले नाही, मला शपथ कशाला.

साडी कपाटातून न विचारता घ्यायची होती. गुरुदासने वरचीच उचलली: आंब्याच्या रंगाची, हिरव्या काठांची. बाबुश लुगड्यात मावेना. त्याने बहिणीचा लांब झगा घातला आणि डोक्याला रुमाल बांधला. गुरुदासच्या मिशीवरून थोडा वाद झाला. शेवटी दात दुखत असल्यासारखा पदर तोंडावर धरायचा, अशी तडजोड निघाली. चालण्याची तालीम मात्र सिद्धेशने कडक घेतली.

"काका, गाडी सोडूक चालल्यासारखे चलू नकात. चुलीर दूध ठेवून इलंय, असा मनात आणा."

गुरुदासने चुलीवर दूध कधी ठेवले नव्हते. तो आपला गाडीच सोडत राहिला.

पहिल्या संध्याकाळी चोर आले नाहीत. पण मथुराकाकी ओसरीवर होत्या, आणि तिथूनच सगळे बिनसले. मथुराकाकी म्हणजे फुगडीचा गळा. बाकीच्या नाचत, गाणे त्यांचे. शिवाय आळीतली प्रत्येक साडी त्यांना पाठ होती. कोणती केव्हा घेतली, कोणत्या लग्नात नेसली, कोणत्या वादानंतर ती घेऊन मिळाली. आंब्याच्या रंगाची साडी वळणावर दिसताच त्यांनी हाक मारली.

"सावित्री गो, खंय चललंस?"

गुरुदासची पंचाईत झाली. त्याचा आवाज स्टँडवर भोंग्याशिवाय चालत असे. त्याने पदर आणखी घट्ट धरला आणि पाय उचलले. काकींनी पुन्हा हाक मारली, तेव्हा तो चक्क रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

काकी भांडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या फक्त त्या संध्याकाळी सरावाला गेल्या नाहीत. तिकडे हॉलमध्ये सावित्री साध्या साडीत पदर खोचून वाट बघत होती. तिने निरोप पाठवला, तर काकींचे डोके दुखत असल्याचा उलटा निरोप आला. गाण्याशिवाय फुगडी म्हणजे नुसती दमछाक. बायका लवकर घरी गेल्या.

दुसऱ्या संध्याकाळी गोष्ट आणखी वाढली. गुरुदास आणि सिद्धेश रस्त्याखालच्या ओहोळाच्या मोरीवर, कठड्याला टेकून उभे होते. सिद्धेश पूर्ण रंगात होता. काजळ, गजरा, खांद्यावरून सोडलेला पदर. आळीतल्या किशोरीने लांबून पाहिले आणि धावत जाऊन काकींना सांगितले, की सावित्री एका उंच, गोऱ्या, अनोळखी बाईशी बोलत होती. कोण असावी, हे काकींनी जागच्या जागी ओळखले. सावित्रीने बाहेरून गाणारी आणली. बहुधा गोव्याची. म्हणूनच कालपासून तोंड फिरवते आहे. त्यानंतर काकींचे डोके कायमचेच दुखू लागले, आणि काकींच्या बाजूच्या म्हणून आणखी चार जणींचे.

इकडे गस्तीला त्याच संध्याकाळी पहिले यश येता येता राहिले. एक मोटारसायकल सिद्धेशपाशी येऊन हळू झाली आणि थांबली. भिंतीआडून झग्यातला बाबुश धावला आणि स्वारासकट गाडीवर पडला. खाली सापडला तो विम्याचा एजंट सुशांत. तो फक्त एवढेच विचारायला थांबला होता, की बाई, स्टेशनापर्यंत सोडू का. बाबुशचे वजन अंगावर असताना त्याने तिघांनाही ओळखले आणि आधी विनवणी केली ती ही, की घरी सांगू नका. तिघांनीही त्याला तीच विनवणी केली. दोन्ही बाजूंचे सारखेच अडकलेले असले की शब्द चांगला पाळला जातो. सुशांतने तो पाळला.

तिसऱ्या दिवशी सावित्री स्वतः काकींच्या ओसरीवर गेली. स्पर्धा दहा दिवसांवर आली होती. काकींनी पाट दिला, पाणी दिले, आणि मग म्हणाल्या, "माझी गरज काय तुका? ती काजळवाली आसा ना, तिकाच ने."

"खंयची काजळवाली?"

"ता तुका म्हायत. मी हाक मारलंय तर वळान बघूक नाय तू. आणि माझ्यासमोरसून आंबो साडी मिरवत गेलंस."

सावित्री त्या साडीत आंगणेवाडीच्या जत्रेनंतर बाहेर पडलीच नव्हती. ती घरी आली आणि तिने कपाट उघडले. साडीची घडी शाळेच्या गणवेशासारखी चौकोनी घातलेली होती. तिची घडी तशी नसते. काठांना माती आणि गवताची कुसळे होती. कमरेशी खोचायच्या जागी तंबाखूची डबी होती.

गुरुदास चहाला बसला तेव्हा बशीशेजारी साडी होती आणि साडीवर डबी.

एवढा पुरावा समोर असल्यावर शपथेला काही अर्थ उरत नाही. त्याने सगळे सांगितले; सिद्धेशची तालीम, बाबुशचा झगा, मोरी, सुशांतचे नाव तेवढे वगळून. ती हसेल अशी त्याला आशा होती. सावित्री हसली नाही. तिने एकच विचारले.

"मथुराकाकीन हाक मारल्यान, तेवा तुमी तोंड फिरवलात?"

"बोललंय आसतंय तर सगळा उघड झाला आसता गो."

"आता जावन उघड करा."

काकींना सांगणे म्हणजे जिल्ह्याला सांगणे, हे गुरुदासने परोपरीने समजावले. चोर आज ना उद्या गळाला लागणार, एवढी मेहनत पाण्यात जाईल, असेही म्हणून पाहिले.

"चोर धरूक पोलीस आसत," सावित्री म्हणाली. "मथुराकाकी एकच आसा."

काकींचा अर्थातच विश्वास बसला नाही. बायकोने नवऱ्याला पुढे करून खोटे बोलायला लावले, असे त्यांचे मत पडले. खरे असेल तर नेसून दाखवा, त्या म्हणाल्या. तेव्हा भर सकाळी, उन्हात, सिद्धेशला मेडिकलच्या दुकानातून बोलावून त्याच्याकडून निऱ्या घालून घेऊन गुरुदास त्या आळीतून पदर तोंडावर धरून चालला. दोन्ही बाजूंच्या ओसऱ्या भरल्या. फेलिसिदाद टीचर आपल्या हरवलेल्या झग्याचा दोन दिवस शोध घेत होत्या. त्यांनाही उत्तर मिळाले आणि त्या बेकरीकडे वळल्या.

काकींनी तोंडाकडे पाहिलेच नाही. त्या पाय बघत होत्या.

"होच तो," त्या म्हणाल्या. "फेंगडो चलता." मग त्यांची नजर सिद्धेशवर गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. "आणि ती गोरी तू?"

"होय, काकी."

"काजळ खंयचा वापरतंस रे?"

त्या संध्याकाळी हॉलमध्ये काकींचा आवाज असा लागला, की रस्त्यावरची माणसे खिडकीशी थांबली.

गस्त अर्थात संपली. दुपारपर्यंत बाजाराला कळले होते, संध्याकाळच्या गाडीने नांदगावला पोचले, आणि रात्री मुंबईहून गुरुदासच्या मेव्हण्याचा फोन आला, की म्हणे तुम्ही नाटकात शिरलात. ज्या सापळ्याची माहिती सगळ्यांना आहे तो सापळा कसला? गुरुदास, बाबुश आणि सिद्धेश बेकरीच्या पायरीवर निवृत्त माणसांसारखे बसू लागले. चोर काही हाती लागला नाही, याची खंत तिघांनाही होती. बाबुशला शिवाय झगा धुवून, इस्त्री करून परत द्यावा लागला होता.

मात्र त्या दिवसानंतर आळीत एकही साखळी गेली नाही. शेजारच्या आळीतही गेली नाही. याचे श्रेय कोणी पोलिसांना दिले, कोणी अजून न बसलेल्या कॅमेऱ्याला. गस्तवाल्यांना ते द्यायचे कोणाला सुचले नाही, आणि मागायला तोंड नव्हते.

महिला दिनाला सावित्रीच्या बायकांनी पहिला नंबर काढला. परीक्षकांनी काकींच्या गाण्याचा खास उल्लेख केला. मसुऱ्याच्या बायकांना सावित्रीने स्वतःच्या हाताने कोकम सरबत दिले आणि एक शब्दही बोलली नाही. बोलण्याची गरज उरली नव्हती. दिवसभर तिचे कौतुक चालले होते. आंब्याच्या रंगाची तीच साडी, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, नाचून चढलेली तुकतुकी. फेलिसिदाद टीचर म्हणाल्या, की तू आज सुनेसारखी दिसतेस, सासूसारखी नाही. सावित्रीने ते दोनदा म्हणायला लावले.

परतताना टेम्पोने सगळ्यांना आळीच्या तोंडाशी सोडले. बाकीच्या आपापल्या घरांत वळल्या आणि शेवटचा तुकडा सावित्रीला एकटीने चालायचा होता. तेव्हा ती मोटारसायकल आली. दिवा बंद, चाल हळू. मागे बसलेल्या पोराचा हात अर्धा पुढे आलेला तिला दिसला. ती थांबली आणि वळून सरळ त्याच्याकडे पाहू लागली. पोराने तिचे तोंड पाहिले. हात झटकन मागे गेला.

"सोड रे, पळव गाडी," तो पुढच्याला म्हणाला. "हो तो एसटीचो कंट्रोलर."

आणि गाडी वळणाआड गेली.

सावित्री घरी आली ती थेट खुर्चीत बसली. वळेसर काढून तिने टेबलावर ठेवला आणि झाले ते नवऱ्याला सांगितले. गुरुदास आधी घाबरला. तिच्या गळ्यातले मंगळसूत्र जागेवर आहे, हे त्याने दोनदा पाहून घेतले. मग हळूहळू त्याला सगळा अर्थ कळला. चोर आले होते. चोर भिऊन गेले होते. कोणाला भिऊन गेले होते, हेही चोरांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. बाबुश आणि सिद्धेशला ही बातमी आत्ताच्या आत्ता द्यायला हवी होती. त्याने हसू आवरायचा प्रयत्न केला, पण ते मिशीखालून निसटत होते.

"गाडीचो नंबर बघलंस?" त्याने विचारले.

"नंबर कोण बघता? त्यान माका तुमी समजल्यान."

आता आनंद दाखवणे बरे नाही, एवढे गुरुदासला कळले. त्याने गाडी रद्द झालेल्या प्रवाशाला समजावतात तसा आवाज काढला.

"साडी बघून फसलो आसतलो गो. ती साडी आता गावभर झाली."

"साडी मागसून बघल्यान. माझा तोंड बघल्यान, मगेच पळालो."

गुरुदासने मिशीवरून हात फिरवला.

"काळोख आसतलो."

"काळोख खंय?" सावित्री म्हणाली. "मी खांबाच्या लायटीखाली उभी होतंय."