पुरणाच्या परातीतली पृथ्वी

मराठी मंडळींची मोठी पितळी परात खासनिसांच्या घरी आहे, हे भवानीपुरातल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक होतं. तिच्यात सध्या पृथ्वीचं वातावरण भरलेलं आहे, हे मात्र फक्त शकुनला आणि तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

परात सगळ्यांची होती. कलकत्त्यात मराठी घरं मोजकी. कोणाकडे कार्य निघालं की परात त्या घरी जायची, ढीगभर पुरणपोळ्यांची कणीक सोसायची आणि पुढचं कार्य निघेपर्यंत तिथेच मुक्काम ठोकायची. खासनिसांकडे ती शकुनच्या धाकट्या दिराच्या केळवणाला आली आणि शकुनचा नवरा गुरुदत्त याच्या नजरेस पडली. त्याने तिच्या काठावरून हळूच बोट फिरवलं, तेव्हाच शकुन काय ते समजून चुकली. असंच बोट त्याने पूर्वी तिच्या शिवणयंत्रावरून फिरवलं होतं. त्यानंतर त्या यंत्राने कधी टाका घातला नाही.

गुरुदत्त हवामान खात्यात होता. दिवसभर नकाशावर रेघा ओढून उद्या पाऊस पडेल की नाही ते तो सांगायचा. ते बरेचदा खरंही ठरायचं, पण त्याचं त्याला सुख नव्हतं. "पडेल हे सांगता येतं गं," तो म्हणायचा, "पण वारा मुळात असा का वाहतो, ते कोण सांगणार?" त्याच्या मते ध्रुवाकडे गारवा, विषुववृत्ताकडे ऊब आणि खाली फिरणारी पृथ्वी, एवढं भांडवल पुरेसं होतं, तेवढ्यावर आकाशात उंच वाऱ्याच्या लाटा उठायलाच हव्यात. खरं आकाश काही घरी आणता येत नाही, म्हणून त्याने लहान आकाश केलं. परातीत पाणी, मधोमध बर्फाचा डबा, काठाखाली पणत्या. ही सगळी सृष्टी कालीघाटच्या कुंभाराकडून आणलेल्या जुन्या चाकावर ठेवायची आणि दोरी लावून ग्रामोफोनच्या यंत्राने सावकाश फिरवायची. पाणी कसं वाहतंय ते दिसावं म्हणून वर चिमूटभर कुंकू.

"एकदा या लाटा नीट दिसल्या की त्यांचं गणित मांडायचं. पुढे कधीतरी माणूस अख्ख्या पावसाळ्याचं गणित आधी करून ठेवील, बघ तू!" गुरुदत्त म्हणायचा. शकुनला ते गणित कळत नसे, पण बोलताना त्याचा चेहरा असा उजळायचा की तिला ते खरंच वाटायचं.

लाटा मात्र आजवर एकदाच उठल्या होत्या, त्याही क्षणभर. आणि आता सवड राहिली नव्हती. गुरुदत्तची आसामात दिब्रुगडला बदली झाल्याचा हुकूम येऊन पडला होता. त्याचे साहेब, सान्यालबाबू, भला माणूस. ते म्हणाले, "खासनीस, इतवार को हम तुम्हारे घर आएगा. लहर दिखाओ, तो हम ऊपर लिखेगा कि ये आदमी रिसर्च में रहेगा. नहीं दिखा, तो दिब्रुगढ़." दिब्रुगडला बंगला मिळाला असता, चहा उत्तम मिळाला असता, पण बर्फ मिळाला नसता. शकुनला बदलीची भीती नव्हती. परातीवाचून हा माणूस कसा दिसेल, ते तिला बघवणार नव्हतं.

अशात गुरुवारी प्रेमलताबाई आगाशे परात न्यायला आल्या. त्या गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसरच्या पत्नी, आणि कोणी न निवडता झालेल्या समस्त मराठी मंडळींच्या अध्यक्ष. सोमवारी त्यांच्या भाचीचं डोहाळजेवण होतं. शकुन स्वयंपाकघरात होती आणि दार उघडं होतं, त्यामुळे बाई थेट बाहेरच्या खोलीत शिरल्या. खिडक्या बंद होत्या, कारण वाऱ्याच्या प्रयोगाला वारा चालत नसे. अंधारात पणत्यांचं कडं होतं, त्यावर लाल पाण्याची परात आपोआप फिरत होती, आणि गुरुदत्त तिच्यापुढे गुडघे टेकून पुटपुटत होता, "वळ... अगं वळ ना... आता तरी वळ!" भरीत भर म्हणजे खोलीभर मासळीचा वास होता. बर्फ सियालदहच्या मासळीबाजारातून येत असे.

प्रेमलताबाईंनी शकुनला दंडाला धरून जिन्यात नेलं.

"खरं सांग मला. कधीपासून चाललंय हे?"

"काय, ताई?"

"काय म्हणून मलाच विचार! पणत्या काय, कुंकू काय, पुरणाच्या परातीला मासळीचा वास काय! आणि 'वळ, वळ' म्हणून कोणाला बोलावत होता तो?"

"वाऱ्याला, ताई. ते वातावरण आहे. मध्ये तो डबा आहे ना, तो उत्तर ध्रुव."

प्रेमलताबाईंनी तिच्या तोंडावरून मायेने हात फिरवला. "म्हणजे तुलाही लागलंय. पोरी, इकडे यायला निघाले तेव्हाच आईने मला बजावलं होतं, बंगाली जादूपासून जपून राहा म्हणून. इथे धडधाकट माणसाचं मेंढरू करून ठेवतात! तू घाबरू नकोस. मी आहे."

त्या आहेत, हेच घाबरण्यासारखं होतं. शनिवारपर्यंत बातमी सगळीकडे झाली. कोणी मीठमोहऱ्या पाठवल्या, कोणी उंबऱ्यावर लिंबू ठेवून गेलं. गुरुदत्तने त्या लिंबाचं सरबत करून घेतलं, तेव्हा प्रकरण हाताबाहेर गेल्याबद्दल कोणालाच शंका उरली नाही.

रविवारी दुपारी प्रेमलताबाई दिगंबरशास्त्र्यांना घेऊन हजर झाल्या. शास्त्रीबुवा एरवी बँकेत कारकून, सणावारी मंडळींचे उपाध्याय. करणी उतरवणं त्यांच्या अभ्यासात कधीच आलं नव्हतं, पण प्रेमलताबाईंना नाही म्हणणंही आलं नव्हतं, म्हणून गंगाजळाचा तांब्या घेऊन ते मुकाट्याने जिन्यात उभे राहिले. तेवढ्यात खालून सान्यालबाबू वर येऊ लागले. पांढरी दाढी, धोतर, एका हातात काळी छत्री आणि दुसऱ्या हातात गोणपाटातलं ठिबकणारं गाठोडं. ते बराकपूरहून गाडीने येत. वाटेत सियालदहला उतरल्यावर त्यांनी आपण होऊन बर्फ घेतला होता.

"दिया जला क्या?" त्यांनी उत्साहाने विचारलं. "सिंदूर है? घूमना चालू हुआ?"

"हाच तो!" प्रेमलताबाईंनी दोन्ही हात पसरून जिना अडवला. "एक पाऊल भी आगे नहीं! हमारा लड़का छोड़ दो!"

सान्यालबाबू गोंधळले. "हम तो उसको छोड़ना ही नहीं चाहता, माँ. लेकिन दिब्रुगढ़ उसको माँगता है."

"आसाम!" प्रेमलताबाई किंचाळल्या. "शास्त्रीबुवा, ऐकलंत? थेट जादूटोण्याच्या कामरूपापर्यंत गेलंय हो हे!"

आता सान्यालबाबूंच्या कपाळाला आठी पडली. बर्फ वितळून त्यांच्या चपलेत शिरत होता. "खासनीस ने ये तमाशा देखने को बुलाया, तो हम जाता है," असं म्हणून ते माघारी वळलेसुद्धा. वरून शकुनने ते पाहिलं आणि तिच्या डोळ्यांपुढे दिब्रुगड उभं राहिलं. ती धावत खाली आली, प्रेमलताबाईंच्या कानाला लागली आणि जन्मात बोलली नव्हती इतकं मोठं खोटं बोलली.

"ताई, त्यांना जाऊ देऊ नका! ते उतरवायला आलेत."

"अगं, पण करणी त्यानेच केलीय ना?"

"मग ज्याने केली तोच उतरवणार ना?"

हे प्रेमलताबाईंना एकदम पटलं. "बरं. पण आम्ही समोर बसणार." शकुनने सान्यालबाबूंना सांगितलं की ही आमची वडीलधारी माणसं, मुद्दाम आपलं दर्शन घ्यायला आली आहेत. साहेबांची आठी मावळली आणि सगळे वर आले.

वर आणखी एक संकट तयार होतं. साहेब का येत नाहीत म्हणून गुरुदत्त मघापासून ग्रामोफोनची चावी पिळत बसला होता. साहेब खोलीत आले, त्याने शेवटचा पीळ दिला, आणि खटकन आवाज होऊन स्प्रिंग तुटली.

"हाताने फिरवतो," तो कसाबसा म्हणाला. पण त्याचा हात एका लयीत चालेना. परात गचके खाऊ लागली आणि कुंकवाचा नुसता गढूळ चिखल झाला. सान्यालबाबूंनी हात लावला, तर त्यांच्या पहिल्याच झटक्याने उत्तर ध्रुव कलंडून विषुववृत्ताला टेकला. शकुनने पाणी बदलून नवा बर्फ भरला आणि स्वतः फिरवून बघितलं, पण तिलाही वेग सारखा राखता येईना. शेवटी सान्यालबाबूंनी छत्री उचलली. गुरुदत्तच्या खांद्यावर हात ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "कोई बात नहीं, खासनीस." गुरुदत्तने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान बघून शकुनला वाटलं, याहून याला खरोखर करणी झालेली परवडली असती.

"निघाला कुठे हा?" प्रेमलताबाई उसळल्या. "अर्धवट सोडलेला विधी उलटतो! सरक रे गुरुदत्त!" त्यांनी पदर खोचला, परातीशी मांडी घातली आणि काठाला हात लावला. लग्नाआधी वाईला त्यांनी पहाटेचं जातं वर्षानुवर्षं ओढलं होतं. त्यांच्या तोंडी आपसूक ओवीचा सूर आला आणि त्या सुरावर परात फिरू लागली. घाई नाही, गचका नाही. शकुनने वरून कुंकवाची चिमूट सोडली.

पाणी हळूहळू निवलं. बर्फाभोवती एक लाल कडं धरलं. त्या कड्याला एका बाजूने फुगवटा आला, मग दुसऱ्या बाजूने, आणि बघता बघता ते अख्खं कडं लुगड्याच्या काठासारखं नागमोडी वळत परातभर फिरू लागलं. या वेळी ते मोडलं नाही.

"ढेऊ!" सान्यालबाबूंच्या हातून छत्री गळून पडली. "खासनीस, ढेऊ! देखो, लहर!" ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांची दाढी जवळजवळ विषुववृत्तात बुडाली. शास्त्रीबुवांनी आपलं काम आलं असं समजून तांब्या पुढे केला, तर सान्यालबाबू ओरडले, "ना ना, पानी मत मिलाओ!"

गुरुदत्तच्या डोळ्यांना धार लागली होती. शकुनच्या मनात आलं, लोक याला वेडा म्हणतात, पण ज्याला कोणी हात लावू शकत नाही ते आकाश याने भाड्याच्या खोलीत उतरवून दाखवलं. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की चारचौघांत त्याचा हात धरावासा वाटला, आणि तिने तो धरलाही.

"उतरली का?" परात न थांबवता प्रेमलताबाईंनी विचारलं.

"ताई, उतरायला काही नव्हतंच," शकुनने कबूल केलं. मग गुरुदत्त त्यांच्याजवळ बसला आणि त्याने त्यांना सांगितलं की हे आपल्या डोक्यावरचं वारं आहे, हिमालयाच्या माथ्यावरून ते असंच वळत जातं, आणि आज ते तुमच्या हाताने फिरलं. प्रेमलताबाई रागावतील अशी शकुनला धास्ती वाटली. बाई पाण्यावर आणखी वाकल्या.

"आणि जरा जोरात फिरवलं तर रे?"

गुरुदत्तने साहेबांकडे पाहिलं. "ताई," तो म्हणाला, "हे मला ऑफिसात अजून कोणी विचारलं नव्हतं."

सान्यालबाबूंनी वर लिहिलं आणि दिब्रुगडची बदली रद्द झाली. गुरुदत्तने त्या लाटांचं गणित मांडलं. पुढे ते दूरदूरच्या देशांतल्या माणसांनी वाचलं, आणि त्याला पत्रं येऊ लागली. भाचीच्या डोहाळजेवणाची कणीक मात्र आगाश्यांकडे घंगाळात मळावी लागली.

पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी प्रेमलताबाईंचे यजमान दिनकरराव आगाशे खासनिसांकडे आले. गुरुदत्त ऑफिसातून परतला नव्हता. शकुनने चहा पुढे ठेवला तरी ते चुळबुळ करत होते. शेवटी त्यांनी आवाज खाली आणला.

"वहिनी, जरा खासगी बोलायचं होतं. आमच्या हिचं काही खरं दिसत नाही. रविवार उजाडला की ही इकडे परात फिरवायला येते, ते एक वेळ राहू द्या. पण परवा वरणात पळी फिरवून नुसती बघत उभी राहिली. वरण करपलं, आणि मला म्हणते, 'अहो, बघा, वळलं!' माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हो... पण काही उतारा असला तर सांगा."

शकुनला हसू आलं, पण त्या माणसाचा चेहरा बघून तिने ते आवरलं.

"नाही हो, भावजी," ती म्हणाली. "मी लग्न झाल्यापासून शोधतेय."

दिनकररावांनी सुस्कारा टाकला, साखर विरघळावी म्हणून कपात चमचा फिरवला आणि बाहेर काढला. मग ते कप तोंडाला लावायचे थांबले आणि वाकून आत बघत राहिले.