चार भावसिंग आणि एक अवतरणचिन्ह

यवतमाळच्या आपल्या खोलीत बसून अभिषेक सकाळपासून एका अनोळखी माणसावर संशय घेत होता. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या मालकांसाठी त्याने कापूस विक्रीचा नंबर लावण्याचे संकेतस्थळ बनवले होते. आयुष्यातले पहिलेच काम. "एका जरी कास्तकाराची तक्रार आली तं काम दुसऱ्याले," असे मालक चंद्रशेखरबाबूंनी चहा पाजता पाजता बजावले होते.

नावाच्या रकान्यात अवतरणचिन्ह टाकून त्यामागे हुकूम लिहिला, तर भाबडा डेटाबेस तो हुकूम पाळतो आणि सारी माहिती चोराच्या ओंजळीत ओततो, हे वाचल्यापासून अभिषेकची झोप उडाली होती. त्याने अवतरणचिन्हच बंद केले. कोणी ते टाकलेच, तर पडद्यावर उमटे: संशयास्पद कृती. आपल्यावर आमची नजर आहे. हे वाक्य त्याला स्वतःच्या कवितांइतके प्रिय होते.

आणि आज दिग्रसजवळच्या एका सेवा केंद्रातून कोणीतरी नेमके तेच चिन्ह टाकत होते. आधी एकेरी, मग दुहेरी, मग पुन्हा एकेरी. इतका शांत, इतका चिवट हल्लेखोर! फोन केला तर तो सावध होईल, म्हणून अभिषेकने लॅपटॉप पाठीला लावला आणि एसटी पकडली.

केंद्र चालवणाऱ्या मैनाबाई संगणकासमोर बसल्या होत्या. बाकावर कास्तकार भावसिंग राठोड, आणि बाहेर त्याची कापसाने भरलेली गाडी.

"नावात ही चिन्हं कोण टाकतं?" अभिषेकने दबक्या स्वरात विचारले.

"तुमी कोण?"

"ते संकेतस्थळ मी बनवलंय."

मैनाबाई ताडकन उठल्या. "भावसिंगभाऊ, शटर ओढा! सापडला!"

शटर अर्धे खाली आले.

"सकाळपासून धमक्या देऊन राह्यले आमाले! नजर आहे म्हंते! मी तं ठाण्यात फोन केलता, लुटारूची टोळी हाय म्हून."

"पण चिन्हं कशासाठी?"

"कायले म्हंजे? गावात चार भावसिंग राठोड हायत. हे भावसिंग 'ट्रॅक्टर' राठोड, ते भावसिंग 'मिलिटरी' राठोड. बॅनरवर, लग्नपत्रिकेत, सारीकडे असंच लिवतात."

"मांगच्या साली नुसतं भावसिंग लिवलं," भावसिंग म्हणाला, "तं माह्या नंबरावर मिलिटरी कापूस मोजून गेला. पाच वाजता नोंद बंद होते. आज नंबर नाई लागला तं मी सिद्धा मालकापाशी जातो."

अभिषेकने पाठीवरचा लॅपटॉप काढला. तो बाकावरच बसला. त्याने चिन्हावरची बंदी उठवली आणि आजवर टाळलेला खरा उपाय केला: हुकूम एका वाटेने, नाव दुसऱ्या वाटेने. रकान्यात कोणी काहीही लिहो, डेटाबेसने ते निमूटपणे नाव म्हणूनच जपायचे. भावसिंग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता.

"आता टाका."

मैनाबाईंनी नाव टाकले. नोंद झाली. उद्याचा पहिला नंबर. अभिषेकने आभारांच्या अपेक्षेने लाजून मान खाली घातली.

"एवढ्यात घेतलं?" मैनाबाईंचे डोळे बारीक झाले. "दिवसभर घेत नव्हतं, अन् हे आले तं लगेच घेतलं? भावसिंगभाऊ, याच्यात गडबड हाय."

"मलेही तसंच वाटून राह्यलं."

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" अभिषेकने व्याकूळ होऊन विचारले.

"हाय ना, पुरा हाय," भावसिंगने त्याचा लॅपटॉप मायेने आपल्या काखेत घेतला. "उद्या कापूस मोजून होईपर्यंत तुमी माह्याच घरी राहा. तिखट चालते ना?"